गोठा धुणारा यंत्रमानव आणि आमची बोटे



एका कृषी प्रदर्शनाच्या मंडपात मोठ्या पडद्यावर चित्रफीत चालू होती. युरोपातला डुकरांचा गोठा. आत माणूस नाही, जनावर नाही. चाकांवरचा एक गाडा मधल्या वाटेने एकटाच सरकतो, थांबतो. त्यावरचा लोखंडी हात लांब होतो आणि हाताच्या टोकाची तोटी गरागरा फिरत भिंत, गज, जमीन धुऊन काढते. एक कप्पा झाला की गाडा पुढच्या कप्प्यापाशी. रात्रभर हेच. सकाळी मालक येतो, राहिलेले कोपरे तेवढे हाताने धुतो आणि चहाला जातो.

मंडपात हशा पिकला. मागून एक जण ओरडला, "आमच्या इथं प्याले पानी नाई, अन् हे डुकराले आंघोळ घालून राह्यले!" हसू आम्हालाही आले. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याच्या गोठ्यात एक बैलजोडी, एखादी गाय, खाली मातीची जमीन. शेण भरायला घरची बाई आणि टोपले. त्या यंत्रमानवाची किंमत आपल्या साऱ्या शेताच्या उत्पन्नात बसायची नाही आणि त्याला लागणारे पाणी आपल्या विहिरीत नाही. ते यंत्र विकत घ्या असे सांगायला हा लेख लिहिलेला नाही.

पण त्या गाड्याच्या अंगावर एक लाल, बोंडाएवढा खटका होता. दाबला की सगळे जागच्या जागी बंद. मंडपात त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. हा लेख त्या लाल खटक्याबद्दल आहे.

यंत्र कसे चालते आणि कसे मारते

आधी ते यंत्र समजून घेऊ. डुकरांचा एक कळप विकला की दुसरा आणण्याआधी गोठा धुवावाच लागतो, नाहीतर जुन्या कळपाचा रोग नव्याला लागतो. हाताने धुवायचे तर जोराच्या पंपाची नळी धरून माणसाने तासन् तास ओल्यात उभे राहायचे. शेणाचे तुषार नाकातोंडात, अमोनियाने डोळे चुरचुरणार, पंपाचा आवाज कानात. या कामाला तिकडेही मजूर मिळेना, म्हणून यंत्रमानव आला. पहिल्या खेपेला मालक दांड्याने चालवून त्याला वाट शिकवतो, कुठे थांबायचे, हात किती लांब करायचा ते दाखवतो. यंत्र ते लक्षात ठेवते आणि पुढे तसेच गिरवते.

हे यंत्र साधे नाही. त्याच्या पाण्याचा दाब शंभर बार आणि त्याहून जास्त असतो. मोटारसायकलच्या चाकात जितकी हवा भरतो त्याच्या पन्नास पट धरा. अशी धार जवळून बोटावर बसली तर कातडी भेदून आत शिरते. वरून जखम सुई टोचल्यासारखी दिसते, आत मात्र घाण पाणी स्नायूंमधून पसरलेले असते. पट्टी बांधून घरी बसलेल्याचे बोट जाते, कधी हातही. तसा माणूस त्याच दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला पाहिजे. दुसरा धोका विजेचा, कारण पाणी आणि वीज एकाच जागी. तिसरा जमिनीखालच्या शेणाच्या टाकीचा. साठलेले शेण हलले की हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. थोडा असला तर कुजक्या अंड्याचा वास येतो. जास्त असला तर नाकच बधिर होते, वास येत नाही आणि माणूस कोसळतो. बायोगॅसच्या किंवा मैल्याच्या टाकीत एक उतरला, त्याला काढायला दुसरा उतरला आणि दोघेही गेले, ही बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतोच. चौथा धोका यंत्राच्या हाताचा. तो थांबलेला दिसला म्हणजे बंद झाला असे नव्हे. दोन हालचालींच्या मधली ती विश्रांती असू शकते.

म्हणून तिथले नियम असे. गोठा जनावरांपासून आणि माणसांपासून पूर्ण रिकामा करायचा. दाराला कडी आणि पाटी लावायची. केबल आणि नळी आधी बोटाने चाचपून पाहायची, चिरलेली असेल तर काम नाही. विजेची बटणे झाकायची आणि जोडणी अर्थ लीकेज ब्रेकरमधूनच घ्यायची. टाकीवर वारा खेळता ठेवायचा, आत कोणी उतरायचे नाही. यंत्राला वाट शिकवताना त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर उभे राहायचे. यंत्र अडकले तर क्रम ठरलेला आहे. आधी लाल खटका, मग मुख्य वीज, मग पाण्याचा कॉक, मग नळीत कोंडलेला दाब सोडून द्यायचा आणि सर्वांत शेवटी हात लावायचा. दाब न सोडता हात लावणारा आपले बोट पणाला लावतो.

हे वाचताना तुमच्या मनात घरची कुट्टी मशीन आली असेल. आमच्याही आली.

लाल खटका कोणी बसवला?

स्वीडनचा किंवा डेन्मार्कचा शेतकरी आपल्यापेक्षा शहाणा आहे आणि आपण अडाणी, असे एक उत्तर तयार असते. कृषी खात्यातल्या बऱ्याच लोकांच्या ते तोंडावर आहे. ते खोटे आहे. तिथला शेतकरीही दमतो, घाई करतो, यंत्र चालू असताना अडकलेली काडी काढायला जातो. फरक त्याच्या डोक्यात नाही. फरक यंत्र विकणाऱ्याच्या मानगुटीवर बसलेल्या कायद्यात आहे.

युरोपीय समुदायाने १९८९ साली यंत्रांविषयी एक निर्देश काढला. २००६ साली तो नव्याने लिहिला गेला आणि जानेवारी २०२७ पासून त्याची जागा घेणारा नवा नियम २०२३ सालीच मंजूर झाला आहे. त्यातली तीन कलमे प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करावीत अशी आहेत.

पहिले : धोका आधी यंत्राच्या रचनेतूनच काढून टाका. जो काढता येणार नाही त्यावर आडोसा, झाकण बसवा. तरीही जो उरेल त्याची सूचना वापरणाऱ्याला द्या. क्रम हाच. सूचना शेवटी येते.

दुसरे : यंत्राची माहितीपुस्तिका ज्या देशात यंत्र विकायचे तिथल्या राजभाषेत असली पाहिजे. डेन्मार्कात विकायचे तर डॅनिश, फिनलंडात विकायचे तर फिनिश.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. माणूस यंत्र कसे चुकीचे वापरील याचा वाजवी अंदाज निर्मात्याने आधीच बांधायचा आणि त्या चुकीतूनही जीव वाचेल असे यंत्र करायचे. शेतकरी चुकणार हे तिथल्या कायद्याने गृहीत धरले आहे. आपल्याकडेही तेच गृहीत धरतात, पण ते त्याला दोष देण्यासाठी.

पन्हळीची लांबी मोजा

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १९४८ साली कारखाने अधिनियम झाला तेव्हाच त्याच्या २१ व्या कलमात फिरत्या यंत्रांना आडोसा घालण्याची सक्ती झाली. आता त्या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. म्हणजे तुमचाच कापूस जिनिंग फॅक्टरीच्या दारात पोचला की पट्ट्याला जाळी आणि चक्राला झाकण हवे. त्याच पऱ्हाटीच्या शेजारी उभ्या ज्वारीची मळणी शेतात होते, कडब्याची कुट्टी अंगणात होते, तिथे मात्र पट्टा उघडा आणि चक्रही उघडे. शेताला कोणी कारखाना म्हणत नाही, म्हणून शेतकऱ्याचे बोट हे कामगाराचे बोट ठरत नाही.

१९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम केला. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार वाढले होते, म्हणून. अशा यंत्रावर काम करताना मेलेल्याला आणि जायबंदी झालेल्याला भरपाई मिळावी हा उद्देश त्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिला आहे. या कायद्याचे नाव कोणी ऐकले आहे का, असे आम्ही सभांतून विचारतो. हात वर होत नाही. चाळीस वर्षांत ज्याचे नावसुद्धा ज्याच्यासाठी केला त्याच्या कानावर गेले नाही, तो कायदा कपाटात आहे.

मळणी यंत्रासाठी भारतीय मानकही आहे, क्रमांक ९०२०. ज्या पन्हळीतून पेंडी आत सारायची ती किमान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि तिचा यंत्राकडचा किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. हिशेब सोपा आहे. माणसाचा हात जेवढा लांब त्याहून यंत्राचे दात लांब असले की हात पोचतच नाही. चालवणारा झोपेत असो की घाईत, पन्हळ त्याला राखते. आता घरी जा आणि टेप लावा. कमी भरली तर निष्काळजीपणा कोणाचा ते तुम्हीच ठरवा.

कुट्टी मशीनची गत याहून वाईट. रब्बी ज्वारीचा कडबा हे आपल्या जनावरांचे वर्षाचे अन्न. अख्खी पेंडी टाकली तर बुडखे तुडवले जातात, वाया जातात. कुट्टी केली की तोच कडबा जास्त दिवस पुरतो. दुष्काळी वर्षात हा फरक बैल ठेवायचा की विकायचा एवढा मोठा असतो. म्हणून कुट्टी मशीन हवीच. ही मशीन चालवते कोण? बहुतेक घरी बाई. दिवसभर वेचणी करून आलेली, उजेड गेलेला, अंगावर पदर, जवळ लेकरू. पेंडीचे शेवटचे आखूड तुकडे रूळ ओढत नाहीत म्हणून ती हाताने रेटते. रूळ आधी बोट धरतात, मग पाते येते. रुळाने धरलेला हात माणसाच्या ताकदीने मागे येत नाही. तो येतो रूळ उलटा फिरवायच्या दांड्याने, आणि तो दांडा तिच्या दुसऱ्या हाताला पोचेल असा पाहिजे. कित्येक मशिनींना तो दांडा नाही आणि आहे तिथे तो पलीकडच्या अंगाला. बटण बंद केले तरी जड चाक काही वेळ आपल्या वेगाने फिरतच राहते. उघड्या दातेरी चक्रांत लेकरांची बोटे जातात ती वेगळीच.

शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला झाले. शेतातले आणि घरातले बाईचे कष्ट हिशेबात धरा, ही मागणी तेव्हापासूनची आहे. तिची बोटे अजून कोणाच्याच हिशेबात नाहीत.

'निष्काळजीपणा' हा शब्द

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पोचले. पऱ्हाटी पुरुषभर वाढलेली, पंप जोराचे, हवा दमट. तेव्हा पहिला प्रश्न काय विचारला गेला? त्यांनी हातमोजे घातले होते का, तोंडाला फडके होते का. जहाल औषध मोकळेपणाने विकणाऱ्याला, डब्यावर मुंगीच्या अक्षरात सूचना छापणाऱ्याला आणि विदर्भाच्या उकाड्यात अंगभर प्लास्टिक घालून कोण फवारेल याचा विचार न करणाऱ्याला हा प्रश्न मागाहून आला, तोही दबक्या आवाजात.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. वाणांची नावे आणि खतांच्या मात्रा पाठ केल्या, यंत्रांचे भाग वहीत काढून त्यांना नावे दिली. यंत्रात हात गेला तर काय करायचे, जाऊ नये म्हणून विकत घेताना काय पाहायचे, यावर एक तासही झाल्याचे आठवत नाही. पदवी घेऊन आम्हीच गावोगाव यंत्रांची प्रात्यक्षिके केली आणि शेवटी "काळजीपूर्वक वापरा" एवढे वाक्य टाकून निघालो. ते वाक्य म्हणजे यंत्र विकणाऱ्याची जबाबदारी उचलून घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवणे होते, हे कळायला आम्हाला फार वर्षे लागली. ही आमची कबुली आहे.

आणि आपलीही एक चूक मान्य करू. झाकण असलेली मशीन घरी आली की चारा अडकतो, काम हळू होते, म्हणून आपणच ते काढून आढ्याला टांगतो. हे थांबले पाहिजे. काढावेसे वाटणारे झाकण करणारा कारखानदार वाईट, पण ते काढून बायकोला मशीनसमोर उभी करणारा नवराही त्याच्या पंगतीत बसतो.

स्वस्त मशीन महाग का पडते

मग शेतकरी बिनझाकणाची मशीन घेतोच का? कारण ती स्वस्त आहे आणि त्याच्या हातात पैसा नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये आणि संकरित ज्वारीला ३६९९ रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला. तो काढताना बियाणे, खत, मजुरी, बैल, यंत्राची झीज, व्याज असे रकाने भरतात. यंत्र झिजले तर घसारा धरतात. माणूस झिजला, तुटला तर त्याला रकाना नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचे आयात शुल्क उठवले, ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे ऐन वेचणीच्या तोंडावर भाव दाबला. भाव कमी, म्हणून मशीन हलकी, म्हणून बोट तुटले. ही साखळी कोणी निष्काळजीपणाने जोडलेली नाही.

काही जुने कार्यकर्ते विचारतील, परवाना-इन्स्पेक्टर नको म्हणणारे आपण, मग हा नियम कशाला मागता? उत्तर सरळ आहे. आम्हाला इन्स्पेक्टर नकोच. तो येईल, कारखानदाराकडून पाकीट घेईल आणि बोट तुटायचे ते तुटेल. आम्हाला हवे उत्तरदायित्व. खुल्या बाजारात जो माल विकतो त्याने त्या मालाने केलेले नुकसान भरून द्यायचे, हा खुल्या बाजाराचाच नियम आहे. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे म्हणणाऱ्याने हा नियम आधी मागितला पाहिजे.

आणि तो अर्धा आपल्या हातात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या ८४ व्या कलमाप्रमाणे यंत्राची रचनाच सदोष असेल किंवा इजा टाळण्यासाठी पुरेशा सूचना आणि इशारे दिलेले नसतील, तर त्यातून झालेल्या इजेला निर्माता जबाबदार धरता येतो. स्वतःच्या पोटासाठी स्वतः वापरणारा शेतकरी या कायद्याने ग्राहक आहे. दावा जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करायचा. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पण त्यासाठी पक्के बिल लागते. दोन-चारशे रुपये वाचवायला बिनबिलाची मशीन आणलीत तर तेवढ्यात तुम्ही हा हक्क विकून टाकला. आणि झाकण तुम्हीच काढले असेल तर विकणारा हात वर करून मोकळा होतो, हेही ध्यानात ठेवा.

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना २०१५ पासून विमा म्हणून चालली. २०२३ पासून तिचे रूप सानुग्रह अनुदानाचे झाले. मृत्यूला दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा, मुदत तीस दिवसांची. दवाखान्यातच ती संपते, म्हणून घरातल्या दुसऱ्याने धावले पाहिजे. या तक्त्यात डोळा मोजला आहे, हात मोजला आहे, बोटे मोजलेली नाहीत. उजव्या हाताची तीन बोटे गेलेली बाई कापूस कसा वेचते हे तक्ता करणाऱ्याने कधी पाहिले नसावे.

जिल्हा सभेपुढे ठेवायचे ठराव

१) झाकण, पुरेशी लांब पन्हळ, हाताशी येणारा उलट दांडा आणि चटकन बंद होणारा खटका नसलेल्या कुट्टी व मळणी यंत्राला सरकारने अनुदान देऊ नये. असे यंत्र आपल्यापैकी कोणीही विनाअनुदानही घेऊ नये.

२) प्रत्येक शेतीयंत्रासोबत मराठी माहितीपुस्तिका चित्रांसह मिळावी. फिनलंडच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत मिळते, तर आपल्याला का नाही?

३) अपघात योजनेत बोटे मोजावीत आणि मुदत दवाखान्यातून सुटल्यापासून धरावी.

४) शेतीमालाचा उत्पादनखर्च काढताना शेतकरी आणि शेतमजुरांच्या अपघाताचा रकाना धरावा.

५) गावोगावच्या शाखांनी एक वही घालावी. यंत्राने, विजेने, फवारणीने झालेली प्रत्येक इजा त्यात तारखेसह लिहावी, कोणते यंत्र होते, झाकण होते का, बिल होते का हेही लिहावे. सरकारकडे हा आकडा नसेल तर आपल्याकडे असू द्या.

यंत्राला आमचा विरोध नाही. उद्या कोरडवाहू गोठ्यातले शेण भरणारे यंत्र निघाले आणि ते आपल्याला परवडले, तर सर्वांत आधी आम्ही ते मागू, कारण त्या टोपल्याखाली आपल्या बायांच्या माना मोडतात. पण त्यावर लाल खटका नसेल तर ते परत पाठवू.

पुढच्या जिल्हा सभेला येताना घरच्या आणि शेजारच्या मळणी यंत्राची पन्हळ टेपने मोजा. कुट्टी मशीनला उलट दांडा आहे का आणि तो पेंडी सारणारीच्या हाताला पोचतो का ते तिलाच विचारून पाहा. कागदावर लिहून आणा आणि जमले तर तिलाही सोबत आणा. सभेत आधी ते आकडे वाचले जातील, भाषणे नंतर.